जुन्या गाडीचं इंजिन: रॉकेलने पुसावं की डीग्रीझरने धुवावं?

एका मित्राची जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी आहे. इंजिनावर तेल आणि धुळीचा जाड थर बसलाय आणि रॉकेल की पाण्यात मिसळणारं डीग्रीझर (तेल-ग्रीस सोडवणारं द्रावण), यावर त्याचं अडलंय.

मळ काढण्यात रॉकेल कमी नाही. वाळून घट्ट झालेलं ग्रीस ते पटकन सैल करतं आणि स्वस्तही पडतं. पण ते ज्वालाग्राही आहे, तेलकट थर मागे सोडतं आणि त्यावर धूळ पुन्हा चिकटते. कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) होज, म्हणजे नळ्या, बहुधा ज्या रबराचे असतात, ते रॉकेलने फुगतं. माझ्या दृष्टीने हा मुद्दा सगळ्यात मोठा.

डीग्रीझरला मेहनत जास्त. इंजिन थंड हवं, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. डिस्ट्रिब्यूटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग), अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग), फ्यूज बॉक्स आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकने घट्ट बांधायचं. फवारा खालून वर मारा, वाळू न देता ब्रशने घासा, मग साध्या नळीच्या मंद धारेने धुवा. प्रेशर वॉशर नकोच. पाणी कनेक्टरमध्ये आणि डिस्ट्रिब्यूटर कॅपखाली शिरतं, मग गाडी सुरूच होत नाही. फायदा असा की धुतल्यावर व्हॉल्व्ह कव्हरच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) गॅस्केटमधली, म्हणजे सांध्यातल्या सीलमधली, तेलाची गळती लगेच दिसते.

दोन्हींचं मळकं पाणी किंवा तेल गटारात सोडू नका.

काढून बाहेर ठेवलेला लोखंडी सुटा भाग असेल तर रॉकेल चालेल. इंजिन गाडीतच असेल तर डीग्रीझर. वायरिंगचं आवरण तडकलं असेल तर पाणीही नको, डीग्रीझर कापडावर घेऊन पुसा.