चार पायांची काठी: अर्धांगवायूनंतर घ्यावी का?

कोल्हापुरातल्या सीपीआर रुग्णालयाच्या आसपासच्या सर्जिकल दुकानांत मिळणारी ॲल्युमिनियमची चार पायांची काठी कामाची वस्तू आहे. पण दुकानातून आणली तशीच पेशंटच्या हातात दिली, तर आधार कमी आणि अडथळा जास्त.

आधी उंची. पेशंटला रोजच्या चपला घालून उभं करा, हात सैल सोडायला लावा. काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी आली पाहिजे. धरल्यावर कोपर २० ते ३० अंश वाकतं. काठी उंच झाली तर खांदा वर चढतो, बुटकी झाली तर माणूस पुढे झुकतो. नळी सरकवल्यावर बटण भोकातून पुरतं बाहेर आलंय ना, बोटाने चाचपा. अर्धवट अडकलं असेल तर भार पडताच नळी खाली बसते.

काठी चांगल्या हातात. घरोघरी नेमकं इथंच चुकतं. जोर नाही त्या हातात काठी कोंबतात. तळाची सपाट बाजू अंगाकडे, पसरलेले पाय बाहेर. उलट झालं की पाय काठीतच अडकतो. हात बदलायचा असेल तर नळी फिरवून घ्यावी लागते, हे दुकानदार क्वचितच सांगतात.

चालताना आधी काठी, मग लुळा पाय, मग चांगला. चारही रबरं एकदम टेकायला हवीत. घाई केली की दोनच टेकतात आणि काठी डुलते. म्हणून बऱ्यापैकी वेगाने चालू लागलेल्याला साधी एकपायी काठीच बरी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि लुळा पाय आधी. शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांच्या अरुंद पायऱ्यांवर मोठा तळ मावत नाही, लहान तळाची घ्या.

नुसत्या काठीने तोल येत नाही. ओट्याला धरून भार एका पायावरून दुसऱ्यावर नेणं, हात असलेल्या खुर्चीवरून ८-१० वेळा उठबस, हे फिजिओथेरपिस्टला विचारून रोज हवंच. उठताना काठी ओढायची नाही, ती कलंडते. सोबत्याने लुळ्या बाजूला, जरा मागे राहून कमरेचा पट्टा धरावा. दंडाला धरून ओढलं तर आधीच सैल पडलेला खांदा सांध्यातून सरकतो.

दोष म्हणाल तर रबरं. ती झिजली की ओल्या शहाबादी फरशीवर काठी सटकते. जादा रबरं त्याच दुकानात मिळत नसतील, तर तो ब्रँड घेऊच नका.