गोष्ट वाचून दाखवावी की तोंडी सांगावी?

पहिली-दुसरीला गोष्ट हवी, यावर आता दुमत नाही. २०२१ मध्ये निपुण भारत हे पायाभूत वाचन-गणिताचं सरकारी अभियान सुरू झाल्यापासून तर गोष्टीची पुस्तकं वर्गात दिसू लागलीत. प्रश्न उरतो तो वाचून दाखवायची की तोंडी सांगायची, एवढाच. बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मी दोन्ही करून पाहिलंय.

वाचून दाखवण्याचा फायदा मोठा आहे. घरी पुस्तक नसलेल्या लेकराच्या कानावर छापील मराठी पहिल्यांदा तिथंच पडते. शब्द रोज तेच राहतात, त्यामुळं काही दिवसांनी लेकरं ओळीवर बोट ठेवून आपलं आपण म्हणायला लागतात. नव्या शिक्षकालाही पुस्तकाचा आधार वाटतो.

मला नडलं ते चित्र. पुस्तक वहीएवढं, वर्गात पहिली ते चौथी एकत्र. पान उलटलं की चित्र दाखवावंच लागतं. पुढची लेकरं उठून उभी राहतात, मागून ओरड, ‘गुरुजी, मला दिसना!’ पुस्तक सगळ्यांसमोर फिरवून आणेपर्यंत कोल्हा विहिरीत तसाच अडकलेला आणि गोष्टीचा धागा तुटलेला. पुन्हा मान खाली घालून वाचायला लागलो की कोण रमलंय, कोण हरवलंय, काही दिसत नाही. दर पानाला हेच.

तोंडी सांगताना नजर लेकरांवर राहते. काऊ-चिऊचीच गोष्ट घ्या. चक्रधरस्वामींनी सांगितलेली ही गोष्ट लीळाचरित्रात आहे, म्हणजे तेराव्या शतकातही ती लोकांच्या तोंडी होती. काऊ दार वाजवतो, चिऊ म्हणते, ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे.’ तिथं मी थांबतो. पुढची कारणं लेकरांनी द्यायची. कुणाची चिऊ भाकरी थापते, कुणाची कापूस वेचून येते. एरवी चकार शब्द न काढणाऱ्या तांड्यावरच्या एका पोरीनं चिऊच्या पिल्लाच्या तोंडी ‘याडी’, म्हणजे बंजारा बोलीत आई, अशी हाक घातली. तेव्हापासून आमच्या वर्गातलं पिल्लू आईला याडीच म्हणतं. ऊसतोडीहून मार्च-एप्रिलमध्ये परतलेलं लेकरूही अशा गोष्टीत पहिल्याच दिवशी भाग घेतं.

अर्थात, अक्षरं काही नुसत्या सांगण्यानं येत नाहीत. म्हणून आधी सांगतो, मग लेकरांचीच वाक्यं फळ्यावर लिहितो आणि पुस्तक त्यानंतर हातात देतो. तुमचा पट कमी असेल, एकाच पुस्तकाच्या चार-पाच प्रती असतील, तर वाचून दाखवणंही छान जमेल. एकाच खोलीत अनेक इयत्ता असतील तर मात्र सुरुवात तोंडीच करून पाहा, असं मी सुचवेन. गोष्ट शब्दन्‌शब्द पाठ करायची गरज नाही. पात्रं, घटनांचा क्रम आणि पुन्हा पुन्हा येणारी एक ओळ पक्की असली की पुरे.