बटण की धिंगरी?

बाजारात बटण अळिंबी (बटण मशरूम) सहज मिळते, पण मी धिंगरी (ऑयस्टर मशरूम) शोधत फिरते. प्रथिनं दोन्हींत जवळपास सारखीच, 100 ग्रॅम ताज्या अळिंबीत साधारण 3 ग्रॅम. फरक पडतो तो तंतूंत: बटणात जेमतेम 1 ग्रॅम, धिंगरीत दुपटीहून जास्त. नायसिन, म्हणजे ब3 जीवनसत्त्वही धिंगरीतच अधिक.

औषधी गुणांतही धिंगरी सरस वाटते. तिच्यात बीटा-ग्लुकन हा तंतूचा प्रकार असतो, शिवाय लोव्हास्टॅटिनही. कोलेस्टेरॉलवरच्या काही गोळ्यांतलं हेच द्रव्य. पण म्हणून कुणी गोळ्या बंद करू नयेत, भाजीतलं प्रमाण औषधाइतकं नसतं. बटणाची जमेची बाजू सेलेनियम हे खनिज.

ड जीवनसत्त्वाचं मात्र दोन्हींना सारखंच. चिरून, काप वर करून दुपारच्या कडक उन्हात थोडा वेळ ठेवले की ते वाढतं. 

धिंगरी हातानेच उभी फाडावी, सुरी नको. गरम तव्यावर तिला पाणी सुटतं; ते आटून कडा तांबूस झाल्यावरच मीठ घालावं. बटण पुलावात छान लागतं, हेही खरं. रानातली अनोळखी अळिंबी मात्र कधीच खाऊ नका.