म्युनिकच्या त्या कुटुंबाने मला कधी बोलावलंच नव्हतं

मागच्या बुधवारी जर्मनचा क्लास सुटल्यावर बॅचमधली एक मुलगी मागे थांबली. मोबाईल पुढे करून म्हणाली, "ताई, ही फॅमिली बघ ना, कशी वाटते तुला?" फोटोत निळ्या रेनकोटमधली दोन मुलं, मागे लाकडी कुंपण. माझे हातपाय गार पडले. तीच मुलं, तोच फोटो. मला पाठवला तेव्हा ती म्युनिकची होती, हिला हॅम्बुर्गची म्हणून सांगितली होती. तोवर माझ्या फसवणुकीची गोष्ट घरचे, क्लासच्या मॅडम आणि पोलीस सोडून कुणाला माहीत नव्हती. आता लिहून टाकते.

मी सांगली जिल्ह्यातली. बी.कॉम. झाल्यावर पुण्यात जर्मन शिकायला आले, ए1 म्हणजे पहिली पातळी पास झाले. जर्मनीत शिकायला जायचं तर ब्लॉक्ड अकाउंटमध्येच, म्हणजे तिथल्या खर्चासाठी आधीच पैसे अडकवून ठेवायच्या खात्यात, अकरा-बारा लाख दाखवावे लागतात. आमच्या घरची ती ऐपत नाही. ऑ पेअरचा रस्ता मात्र आवाक्यातला वाटला. वर्षभर एका कुटुंबात राहायचं, त्यांची मुलं सांभाळायची, घरात हातभार लावायचा. बदल्यात राहणं, जेवण, हातखर्चाला पैसे, आणि भाषा पक्की होते ती वेगळीच. हा रस्ता खरा आहे, चांगला आहे. माझं वाचून कुणी तो सोडू नये.

एका वेबसाइटवर प्रोफाइल टाकलं आणि तिसऱ्याच दिवशी मेसेज आला. आई डॉक्टर, बाबा इंजिनिअर, मुलं चार आणि सहा वर्षांची. दोन मेसेज झाले नाहीत तोच त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलावलं. फोन व्हायचे, पण व्हिडिओ कधीच नाही. मुलांच्या प्रायव्हसीचं कारण सांगितलं. जर्मन लोक प्रायव्हसी फार जपतात हे आम्हाला क्लासमध्येच शिकवलेलं, त्यामुळे मला ते उलट खरंच वाटलं. बोलणं सगळं इंग्रजीत, "तुला सोपं जावं म्हणून." पॉकेटमनी महिना 900 युरो. नियमाने 280 युरो असतो हे मी वाचलं होतं, तरी मनाला पटवलं की डॉक्टर बाई आहे, देत असेल जास्त.

मग एक दिवस चित्र आलं. खडूने काढलेलं घर, वर सूर्य, चार माणसं आणि पाचवी लांब वेणीची मुलगी. खाली वेड्यावाकड्या अक्षरांत माझं नाव. मी त्याची प्रिंट काढून हॉस्टेलच्या कपाटावर चिकटवली. आईला पाठवलं तर ती म्हणाली, "पोरीनं तुझी वेणीसुद्धा काढलीय गं." पैशाचा विषय त्याच्या दुसऱ्या दिवशी निघाला.

त्यांचे म्हणे एक वकील होते, व्हिसाचं सगळं तेच बघणार. पहिल्यांदा फाइलचे 38,500 रुपये. ते माझ्या साठवलेल्या पैशांतून गेले. मग विम्याचे 54,000. नुकतीच बाबांच्या बेदाण्याची पट्टी आली होती, त्यातून दिले. प्रत्येक वेळी खातं वेगळ्या माणसाच्या नावाचं, वेगळ्या राज्यातलं, साधं बचत खातं. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की भारतातला हिशेब हेच लोक बघतात.

खरं सांगते, दुसऱ्या पैशांच्या वेळीच माझ्या पोटात गोळा आला होता. पण तोवर बाबांनी गावात चार जणांना सांगून झालं होतं. मॅडमना विचारावं तर त्या म्हणतील, आधी का नाही विचारलंस. या लाजेने मी दहा दिवस गप्प बसले आणि त्या दहा दिवसांतच सगळ्यात मोठी रक्कम गेली. आर्थिक तरतुदीचा पुरावा म्हणून 1,10,000, व्हिसा लागला की परत. आईने पाटल्या पतसंस्थेत सोनेतारणाला ठेवल्या. ब्लॉक्ड अकाउंट हा शब्द कानावरून गेला होता, त्यामुळे मला वाटलं असंच काहीतरी असेल. पण ते विद्यार्थ्यांना लागतं, आणि ते खातं स्वतःच्या नावाचं असतं, कुणा वकिलाच्या ओळखीच्या माणसाचं नसतं.

त्या लोकांनी पाठवलेल्या करारातला एक जर्मन शब्द अडला म्हणून तो कागद मी मॅडमकडे नेला. त्यांनी शब्द बघितलाच नाही. पत्त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "म्युनिकचा पिनकोड 80 किंवा 81 ने सुरू होतो. हा 10 ने होतोय, हा बर्लिनचा." मग खाली कामाचे तास वाचले, आठवड्याला 45. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि हळूच विचारलं, "किती दिलेस?"

त्यांनी त्या दिवशी जे समजावलं ते मी आता प्रत्येकीला सांगते. जर्मनीत ऑ पेअरचं काम दिवसाला 6 तास आणि आठवड्याला 30 तासांच्या वर नेता येत नाही. आठवड्यातून दीड दिवस सुट्टी असते. विमा कुटुंबाने भरायचा असतो, वर भाषेच्या कोर्ससाठी महिना 70 युरो त्यांनीच द्यायचे. वयाची 27 वर्षं पूर्ण व्हायच्या आत अर्ज करावा लागतो. अर्ज व्हिसा केंद्रात स्वतः हजर राहून द्यायचा, बोटांचे ठसे तिथेच घेतात, आणि 75 युरोची व्हिसा फी तिथेच रुपयांत भरायची. विमानाचं तिकीट बहुतेक वेळा आपल्या खिशातून जातं. कुटुंबाला किंवा त्यांच्या वकिलाला आपण पैसे पाठवायचे, असं यात कुठेच येत नाही. लंडनच्या कुटुंबांचे मेसेजही मुलींना येतात. ब्रिटनमध्ये ऑ पेअरचा व्हिसा 2008 सालीच बंद झाला, त्यामुळे तिथे तर पुढे वाचायचीही गरज नाही.

मॅडमनी तिथूनच मला 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावायला लावला. शेवटचे पैसे जाऊन दोनच दिवस झाले होते, म्हणून त्या खात्यातले 41,000 होल्ड झाले. बाकीचे आधीच पुढे गेले होते. हा फोन दहा दिवस आधी केला असता तर आईच्या पाटल्यांना हात लागलाच नसता. व्यवहाराचा नंबर, समोरच्याचं खातं, चॅट, सगळं जपून ठेवलं होतं म्हणून ऑनलाइन तक्रार भरताना अडलं नाही. रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका.

पासपोर्ट, आधार आणि पॅनची स्कॅन कॉपी मी त्या लोकांना पाठवली होती. तेही तक्रारीत लिहिलं, कारण त्या कागदांवर उद्या काय होईल याची धास्ती अजून आहे.

महिन्याभराने एकाचा फोन आला. स्वच्छ मराठी, अगदी आपुलकीने बोलणारा. माझी पूर्ण रक्कम त्याला तोंडपाठ होती. पैसे परत मिळवून देतो, फक्त 15,000 प्रोसेसिंगचे भरा. बाबा क्षणभर तयारही झाले होते. मी फोन ठेवून दिला आणि तो नंबरसुद्धा तक्रारीला जोडला.

त्या बॅचमधल्या मुलीला शुक्रवारपर्यंत 38,500 भरायचे होते. आकडासुद्धा तोच. तिने भरले नाहीत, चॅट घेऊन मॅडमकडे गेली.

पाटल्या अजून पतसंस्थेत आहेत. मी पुण्यातच एका ऑफिसात बिलिंगचं काम करते, पगारातून तिथला हप्ता जातो आणि संध्याकाळी ए2 चा क्लास. मागच्या रविवारी एका कुटुंबाशी व्हिडिओवर अर्धा तास बोलले, सगळं जर्मनमध्ये, अडखळत. मध्येच त्यांची आजी कॅमेऱ्यासमोर येऊन बसली आणि मला काय स्वयंपाक येतो ते विचारू लागली. अजून ठरलेलं काही नाही.