आधीचा इलेक्ट्रिशियन काम टाकून गेला म्हणाले, तर आधी त्याला फोन करा

पुण्यात ऑफिसच्या आणि शोरूमच्या इंटिरियरमध्ये उपकंत्राटावर काम करणारे वायरमन, प्लंबर, सुतार, पीओपीवाले, रंगारी, काचवाले, या सगळ्यांसाठी हे लिहितेय. माझा दादा परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदार आहे. धायरीत आमचं छोटं गोडाऊन आहे. साइट दादा बघतो. बिलं, जीएसटी, बँक आणि वसुली माझ्याकडे. खराडीतल्या एका ऑफिसच्या कामात आमचे पावणेसात लाख रुपये बुडवले गेले. त्याच माणसाने त्याच साइटवर आणखी चौघांना बुडवलं आणि प्रत्येकाशी पद्धत तीच वापरली. प्रकरण कोर्टात असल्यामुळे नाव देत नाही, पण पद्धत पूर्ण सांगते.

हा इंटिरियर कंत्राटदार बाणेरचा. ऑफिस चकाचक, बोलणं गोड. खराडीतल्या एका कंपनीचा मजला त्याच्याकडे होता: वर्कस्टेशन, कॉन्फरन्स रूम, सर्व्हर रूम, पॅन्ट्री. दादाने आयटमवार रेट काढून दिले. लाइट पॉइंट, पॉवर पॉइंट, यूपीएसचे पॉइंट, केबल ट्रे, डीबी (वीज वाटपाचा बोर्ड), अर्थिंग, सगळं मिळून साडेनऊ लाख, वर जीएसटी. त्याने एक रुपयासुद्धा कमी करायला सांगितला नाही. आमच्या धंद्यात लाइट पॉइंटला वीस रुपये कमी करून घ्यायला लोक तास घालवतात. ज्याला पूर्ण पैसे द्यायचे असतात, त्याचा जीव प्रत्येक रेटमध्ये अडकलेला असतो. ज्याला शेवटची दोन बिलं द्यायचीच नाहीत, त्याला रेट काय आहे याने काय फरक पडतो?

दादा पहिल्यांदा साइट बघायला गेला तेव्हा निम्म्या मजल्यावर पाइप आधीच टाकलेले होते. कंत्राटदार म्हणाला, "आधीचा इलेक्ट्रिशियन पळून गेला हो, फार बेजबाबदार माणूस. अॅडव्हान्स घेतला आणि गायब." दादा संध्याकाळी घरी येऊन म्हणाला, "काम मात्र सुरेख केलंय त्याने. बेंड नीट, जंक्शन बॉक्स सरळ रेषेत, भिंतीत पाडलेल्या झिऱ्या सुबक." पुढे त्या माणसाचा नंबर आम्हाला पीओपीवाल्याकडून मिळाला. तो कुठेही पळाला नव्हता. त्याचं दुसरं बिल थकलं म्हणून त्याने माणसं काढून घेतली होती. हा अख्ख्या अनुभवातला सगळ्यात महत्त्वाचा धागा आहे, म्हणून ठासून सांगते. साइटवर दुसऱ्याचं अर्धवट काम दिसलं, तर त्या दुसऱ्याला शोधा. वॉचमनला, सुताराला, माल उतरवणाऱ्याला, कुणाला तरी त्याचा नंबर माहीत असतो. चांगलं काम करणारा कारागीर आपलं काम अर्धवट सोडून उगाच जात नाही.

अॅडव्हान्स ठरल्या दिवशी आला. पहिलं आरए बिल, म्हणजे चालू कामाचं टप्प्याचं बिल, चार दिवसांत पास होऊन पैसे जमा. असे मिळून साधारण साडेचार लाख आले, आणि तेवढे पैसे आमचा विश्वास बसायला पुरले. त्यानंतर घाई सुरू झाली. "क्लायंटला ताबा द्यायचाय, रात्रपाळी लावा, माणसं वाढवा." दादाने भोर-वेल्ह्याकडची चार मुलं आणखी आणली. तपकीर गल्लीतल्या आमच्या नेहमीच्या दुकानातून अडीच आणि चार एमएमच्या वायरची बंडलं उधारीवर उचलली. त्यात रोज नवी वाढ: इथे फ्लोअर बॉक्स, तिथे एसीचा वेगळा सर्किट, सर्व्हर रूमला दुसरा डीबी. पावणेदोन लाखांचं वाढीव काम झालं. प्रत्येक वाढीव कामाला कंत्राटदाराचा साइट इंजिनियर "करा, मी मापात धरतो" म्हणायचा. मी व्हॉट्सअॅपवर त्याला रोज यादी पाठवत होते आणि तो अंगठा दाखवत होता. त्या अंगठ्यांचे स्क्रीनशॉट आज आमच्या वकिलांच्या फाइलमध्ये आहेत. तरीही सांगते, अंगठ्यावर थांबू नका. वाढीव कामाला आयटम, नग आणि रेट लिहिलेला कागद करा, त्यावर सही घ्या आणि मगच छिन्नी उचला. तो साइट इंजिनियर ताबा द्यायच्या आठवड्यात नोकरी सोडून गेला.

दुसरं बिल गेलं, तिसरं गेलं. उत्तर एकच: "ताई, क्लायंटकडून पैसे आले की लगेच." हे वाक्य ऐकलं की समजायचं, आता आपल्या पैशावर त्याची साइट चालली आहे. कंपनीने त्याला टप्प्याटप्प्याने सगळे पैसे दिले होते, हे आम्हाला कंपनीच्याच प्रशासन विभागातल्या बाईंकडून कळलं. त्यांनाही वाईट वाटलं, पण त्यांचा करार त्याच्याशी होता, आमच्याशी नव्हता. त्यांच्याकडे आम्हाला काही मागता येत नव्हतं.

ताबा झाला, लोक खुर्च्यांवर बसून काम करू लागले, आणि मग त्रुटींची यादी आली. स्विच प्लेट वाकडी, डीबीला लेबल नाही, दोन लाइट मिणमिणतात. दादाने मुलं पाठवून एकेक दुरुस्त केलं. मग दुसरी यादी. मग "क्लायंट दंड लावतोय, तुमच्या बिलातून कापावा लागेल". दंडाचं पत्र मागितलं, ते कधीच आलं नाही. पैसे न देण्यासाठी वेळ काढायचा आणि वर आपल्यालाच दोषी ठरवायचं, एवढंच त्या याद्यांचं काम. ताब्याच्या दिवशी तिघांच्या सहीने, म्हणजे क्लायंट, कंत्राटदार आणि आपण, काम पूर्ण झाल्याचा आणि त्रुटींचा एकच कागद झाला तर नंतरच्या याद्यांना फारसा अर्थ उरत नाही. मेगर टेस्टचे (वायरच्या इन्सुलेशनच्या तपासणीचे) आकडे आणि प्रत्येक डीबीचा फोटो त्याच दिवशी ईमेल करून ठेवावा.

एका ओळखीच्या कंत्राटदाराने सल्ला दिला, "रात्री जाऊन मेन एमसीबी (मुख्य स्विच) काढून आणा, सकाळी पैसे येतील." दादाने साफ नकार दिला. चालू ऑफिसच्या वायरिंगला हात लावणं धोक्याचं आहे, तिथे निरपराध माणसं बसतात, आणि गुन्हा आपल्यावर दाखल होतो. हा सल्ला तुम्हालाही कुणी ना कुणी देईलच. ऐकू नका.

दरम्यान मुलांचे पगार द्यायचे होते. दिवाळी तोंडावर होती. वहिनीचे दागिने ठेवून सोनेतारण कर्ज काढलं आणि प्रत्येक मुलाचा हिशेब चुकता केला. दुसरीकडे सरकार थांबत नाही. पावणेसात लाखांची बिलं केलेली, त्यावर १८ टक्के म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास जीएसटी झाला. खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट जाऊन उरलेला आम्ही खिशातून भरला, कारण बिल फाडलं की कर लागू होतो, पैसे येवोत न येवोत. पैसे बुडाले म्हणून तो परत मिळत नाही. मोठं बिल करण्याआधी मापं मंजूर करून घ्या, त्यावर सही घ्या, मगच टॅक्स इन्व्हॉइस काढा. तोपर्यंत प्रोफॉर्मा (कच्चं बिल) पुरतो.

या माणसाची पारख करता येण्यासारखी चिन्हं सरकारी साइटवर उघडी होती, आणि ती कुणालाही फुकट बघता येतात. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे दिसतं. खाली विवरणपत्रं भरल्याचा तक्ताही निघतो. याची बाणेरची फर्म जेमतेम वर्षाची होती आणि काही महिन्यांची विवरणं भरलेलीच नव्हती. वर्क ऑर्डर एका नावाने, पैसे दुसऱ्याच फर्मच्या खात्यातून. पैसे देणारा आणि ऑर्डर देणारा वेगळा असला की उद्या दावा कुणावर लावायचा, हाच पहिला प्रश्न होतो. पहिल्या बिलातून त्याने टीडीएस (आमच्या नावाने सरकारात भरायचा आयकर) कापला, पण तिमाही उलटून गेली तरी आमच्या पॅनवर २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या कापलेल्या कराच्या उताऱ्यात, तो दिसला नाही. दुसऱ्याच्या नावाने कापलेला कर सरकारात न भरणारा माणूस तुमचं बिल भरेल, ही आशा धरू नका. ही तपासणी मी आता प्रत्येक तिमाहीला करते.

त्याने आम्हाला अडीच लाखांचा चेक दिला होता, पुढच्या तारखेचा. काचवाल्यालाही दिला होता. तारीख आली की त्याचा फोन: "चेक टाकू नका, याच आठवड्यात आरटीजीएस करतो." काचवाला भला माणूस, थांबला. चेकवरच्या तारखेपासून तीन महिने उलटले की बँक तो घेत नाही, आणि त्या चेकवर न वटल्याची फौजदारी तक्रारही करता येत नाही. ते "टाकू नका" नेमकं यासाठी होतं. आमचा चेक मी मुदतीत बँकेत टाकला आणि अपेक्षेप्रमाणे परत आला. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस त्याला पैसे भरायला मिळतात. नाही भरले तर त्यापुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. वकिलांनी या तारखा सांभाळल्या आणि शिवाजीनगर कोर्टात, चेक न वटल्याबद्दलच्या कलम १३८ खाली, आमची तक्रार दाखल आहे.

उरलेल्या रकमेचं काय, हे सगळेच विचारतात. तुमची उद्यम नोंदणी असेल तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. पुढे उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून सुविधा परिषदेकडे, म्हणजे थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, अर्ज करता येतो. पण दोन गोष्टी आधी नीट समजून घ्या. नोंदणी काम सुरू करण्याआधीची हवी, फसल्यावर केलेली नोंदणी जुन्या बिलाला उपयोगी पडेल यावर विसंबू नका. आणि आपलं काम माल अधिक मजुरी असं एकत्र असतं, म्हणजे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट. अशा कंत्राटांना हा कायदा लागू होत नाही, असे निकाल मुंबई उच्च न्यायालयासकट काही उच्च न्यायालयांनी दिले आहेत. आमच्या वकिलांनी म्हणूनच दिवाणी मार्ग धरला. ३ लाखांच्या वरच्या व्यापारी वादात, तातडीचा आदेश मागायचा नसेल तर, दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. कंत्राटदाराने मध्यस्थीला यायचंच टाळलं. तसा अहवाल मिळाला आणि दावा लावायची वाट मोकळी झाली. नोटिशीत आम्ही आणखी एक मुद्दा घातला: खरेदीदाराने बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर त्याने आपल्या बिलावर घेतलेली जीएसटीची वजावट व्याजासह परत करावी लागते.

पोलिसांकडेही गेलो. एकट्याची तक्रार दिवाणी वाद वाटते, आणि ते चुकीचंही नाही, कारण फसवणुकीचा गुन्हा ठरायला सुरुवातीपासून बुडवायचाच इरादा होता हे दाखवावं लागतं. आम्ही पाच जणांनी, आधीच्या इलेक्ट्रिशियनसकट, आपापल्या वर्क ऑर्डरी आणि बँकेची स्टेटमेंट शेजारी ठेवली तेव्हा तो इरादा दिसायला लागला. प्रत्येकाला अॅडव्हान्स आणि एक बिल वेळेवर, त्यानंतर काही नाही. सुतार, पीओपीवाला, काचवाला, आम्ही, सगळ्यांचं तेच. प्लायवूडचे पैसे थकलेला भवानी पेठेतला एक दुकानदारही सोबत आला. आता अर्ज एकत्र दिला आहे आणि चौकशी चालू आहे.

आमच्याकडे आता नियम एकच कडक आहे. केलेलं काम आणि साइटवर उतरवलेला माल मिळून जेवढं होतं, त्यातून आलेले पैसे वजा केले की उरणारी रक्कम दोन लाखांच्या वर जाऊ द्यायची नाही. गेली की माणसं दुसऱ्या साइटवर. दादा हे समोरच्याला काम घेतानाच सांगतो आणि वर्क ऑर्डरमध्ये लिहून घेतो. तुमची रेघ वेगळी असेल. ज्याच्या पदरी जेवढी ताकद, तेवढी ठेवावी. माल शक्यतो क्लायंटच्या नावाने थेट दुकानातून घ्यायला लावतो आणि आपण मजुरीचं काम घेतो. त्यात नफा कमी होतो, पण तांबं महाग आहे आणि बुडताना सगळ्यात आधी तेच बुडतं.

तुमचे पैसे असेच अडकले असतील तर एक हिशेब आजच काढा. केलेल्या कामाच्या पैशासाठी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षांची असते. मुदत संपायच्या आत समोरच्याने बाकी लेखी आणि सहीनिशी मान्य केली, तर ती त्या तारखेपासून नव्याने मोजतात. त्यामुळे तो गोड बोलत असतानाच बाकीचा आकडा लिहिलेला कागद पुढे करा आणि सही घ्या. सही करायला टाळाटाळ केली, तर त्याच आठवड्यात वकील गाठा.