टीव्हीमागच्या वायरी लपवायला घेतलेली चिकट केसिंग: एक पावसाळा उलटल्यावर

जुलैत टीव्हीखालची केसिंगची (वायरी आत घालून झाकण लावायची, प्लास्टिकची) उभी पट्टी वरच्या टोकाकडून सुटली आणि सुटताना भिंतीचा तळहाताएवढा पोपडा घेऊन आली. सुटलेली पट्टी उलटी करून पाहिली की सगळं कळतं. टेप पट्टीला घट्ट, टेपला रंगाचा पापुद्रा घट्ट, आणि पापुद्र्याच्या मागे पांढरी भुकटी. टेप जिथे चिकटवली तिथून हललीच नव्हती. रंगच पुट्टीवरून निघाला होता. विक्रेत्याकडे फोटो पाठवले, तर उत्तर आलं की भिंतीच्या पृष्ठभागाची जबाबदारी आमची नाही. मग खोक्यावर ‘ड्रिल नको, कुठल्याही भिंतीवर चालते’ असं छापता कशाला?

किट सगळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून वर्णन थोडक्यात. पांढरी पीव्हीसी, २५ बाय १२ मिलिमीटर, मीटर-मीटरचे तुकडे, मागे डबल टेप, सोबत कोपऱ्यांचे तुकडे. दिसायला छान, झाकण खटकन बसतं. बसवल्यावर उन्हाळाभर काही तक्रार नव्हती, आणि तेव्हाच लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते. म्हणूनच या वस्तूंचे पहिल्या आठवड्यातले अभिप्राय वाचून खरेदी करू नये असं मी कळकळीने सांगतो. आपल्याकडे या पट्टीची परीक्षा पावसाळ्यात होते.

आता टेपबद्दल सविस्तर, कारण माझं सगळं म्हणणं तिच्याभोवती आहे.

पट्टीचा तळ २५ मिमी रुंद, त्यावरची टेप जेमतेम १० मिमी. म्हणजे चिकटायला मिळणारी निम्म्याहून जास्त जागा कंपनीने सोडूनच दिली आहे. वरून ती पांढरी फोमची टेप आहे, राखाडी अ‍ॅक्रिलिक फोमची नाही. पांढरा फोम ओलाव्याने आणि सततच्या ताणाने हळूहळू फाटतो. अ‍ॅक्रिलिक फोम ताण पडला तर थोडा लांबतो आणि धरून राहतो. शिवाय चांगल्या अ‍ॅक्रिलिक टेपलासुद्धा पूर्ण पकड यायला साधारण ७२ तास लागतात. बहुतेक लोक पट्टी चिकटवतात आणि लगेच त्यात वायरी कोंबतात. आधी रिकामी पट्टी दाबून चिकटवायची, दर वीतभर अंतरावर अंगठ्याने नीट दाब द्यायचा, तीन दिवस तशीच ठेवायची आणि मग केबल टाकायच्या.

दुसरी गोष्ट वजनाची. लोकांना वाटतं की वायरींच्या वजनाने पट्टी सुटते. मीटरभर पट्टीत चार केबल टाकल्या तरी सगळं मिळून अर्धा किलोही होत नाही. पट्टी सोडवतो तो केबलचा ताठपणा. खोक्यातून काढलेल्या एचडीएमआय केबलला वेटोळ्याचा आकार बसलेला असतो. ती पट्टीत सरळ दाबली की आतून सतत बाहेर रेटत राहते. टेप भिंतीला समांतर ओढ बरीच सहन करते, पण टोकाकडून सोलली की सहज निघते. म्हणून पट्टी बहुतेक वेळा टोकाला, कोपऱ्याला, प्लगच्या जवळ सुटायला लागते. मधे क्वचितच. उपाय सोपा आहे: नवीन केबल उलगडून दिवसभर खुंटीला लोंबकळत ठेवा, मगच पट्टीत घाला.

तिसरी गोष्ट झाकण. एक वायर बदलायची म्हणून झाकण उचकटलं की तो सगळा जोर टेपवर येतो. झाकण काढताना डाव्या हाताने तळ भिंतीला दाबून धरायचा, नखाने एका टोकाची कड उचलायची आणि मग सोलत जायचं. मधूनच स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. कडेची खाच मोडते आणि ते झाकण पुन्हा कधी घट्ट बसत नाही.

भिंत टेपलायक आहे का हे बघायला पैसे लागत नाहीत. तळहात भिंतीवर जोरात फिरवा. पांढरी भुकटी लागली तर ते बहुधा डिस्टेंपर आहे, आणि तिथे जगातली कुठलीही टेप पावसाळा काढणार नाही. भुकटी लागली नाही तर वीतभर कागदी मास्किंग टेप चिकटवून झटक्यात ओढा. रंगाचे कण आले तरी भिंत टेपलायक नाही. इमारतीची पश्चिमेकडची बाहेरची भिंत असेल तर ही परीक्षासुद्धा करू नका. पावसाचा मारा तिथे थेट असतो, आतून ओल येते आणि पुट्टी फुगते.

हे सगळं लिहूनही पट्टी फेकून द्या असं मी म्हणणार नाही. सुटलेली पट्टी स्क्रूने बसवली आणि तेव्हापासून माझं मत बरंच बदललं आहे. प्लास्टिक चांगलं आहे, झाकण सैल पडलेलं नाही, खिडकीजवळचा तुकडासुद्धा अजून पिवळा पडलेला नाही. टेप फक्त पट्टी जागेवर धरायला वापरायची आणि भार स्क्रूवर द्यायचा, असं केलं की ही वस्तू उत्तम आहे.

स्क्रू बसवताना तळाच्या पट्टीला मधोमध भोक पाडायचं, दोन भोकांत ४५ ते ६० सेंटिमीटर अंतर, आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकापासून ५ सेंटिमीटरवर एक भोक हवंच. भिंतीत ६ मिमीच्या बिटने भोक, त्यात ६ मिमीची प्लास्टिकची गट्टी, आणि चपट्या डोक्याचा स्क्रू. स्क्रूचं डोकं तळात बुडालं पाहिजे, नाहीतर त्याची धार केबलचं आवरण कापते. गिलावा पोकळ वाजत असेल तर लांब गट्टी घ्या, म्हणजे ती विटेत जाते. सॉकेट किंवा स्विचबोर्डाच्या बरोबर वर, खाली आणि आडव्या रेषेत ड्रिल करू नका. आतल्या वायरीचा पाइप बहुतेक वेळा तिथूनच गेलेला असतो. पाणसळ लावूनच रेघ मारा. टीव्हीच्या सरळ कडेशेजारी पट्टी ३ मिमी तिरकी असली तरी रोज डोळ्यांत खुपते.

दोन तुकडे जोडताना मधे २ मिमी फट सोडा. पीव्हीसी उन्हाने वाढतं. २ मीटरची पट्टी १५ अंशांच्या फरकात साधारण २ मिमी लांबते. फट नसेल तर दुपारी पट्टी धनुष्यासारखी वाकते आणि झाकण सुटतं. फटीवर जोडणीचा तुकडा बसवला की ती दिसत नाही. कोपऱ्याला पट्ट्या ४५ अंशांत कापायच्या असतील तर बारीक दाताचं, म्हणजे इंचाला २४ किंवा ३२ दातांचं हॅकसॉ ब्लेड घ्या. जाड दाताने कड फुटते.

किती केबल मावतील याचा हिशोब क्षेत्रफळाने करू नका. आतली रुंदी साधारण २२ मिमी, खोली १० ते ११ मिमी. जाड एचडीएमआय ७ मिमी, नेटची कॅट-६ केबल सुमारे ६, डिश किंवा केबल टीव्हीची कोअ‍ॅक्स ७ मिमीच्या आत-बाहेर. शेजारी शेजारी तिघी मावतात. पण कुठेही एकीवर दुसरी चढली की उंची १३-१४ मिमी होते आणि झाकण फुगतं. क्षेत्रफळाने पट्टी निम्मी रिकामी असते, तरी झाकण बंद होत नाही. म्हणून कुठली केबल डावीकडून जाणार आणि कुठली उजवीकडून, हे सुरुवातीलाच ठरवा आणि शेवटपर्यंत तसंच न्या. चौथी केबल असेल तर सरळ ४० मिमीची पट्टी घ्या.

२३० व्होल्टची वायर आणि नेट किंवा एचडीएमआय एका पट्टीत घालू नका. पॉवरच्या वायरीचं आवरण दुखावलं तर करंट टीव्हीच्या पोर्टपर्यंत जाऊ शकतो. मधे पडदा असलेली पट्टी मिळते, नाहीतर दोन स्वतंत्र पट्ट्या लावा. एक्स्टेंशनची जादा वायर वेटोळं करून पट्टीत किंवा बंद खोक्यात कोंबणं हा सगळ्यात धोकादायक प्रकार आहे. भार असताना वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही. अ‍ॅडॉप्टर ठेवायच्या खोक्याला वर आणि बाजूला झरोके हवेतच.

घरात फायबरचं नेट असेल तर कोपऱ्याच्या तुकड्यांपासून सावध राहा. तयार ‘एल’ तुकड्यात केबल काटकोनात मोडते. घरात आणतात त्या बारीक पॅचकॉर्डला (मॉडेमला जोडायच्या फायबर केबलला) किमान ३ सेंटिमीटर त्रिज्येचं वळण द्या. वळण जास्त झालं की मॉडेमला पोहोचणारा प्रकाश कमी होतो. नेहमीच्या जीपॉन (फायबर नेटच्या) मॉडेमची मर्यादा −२७ डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) आसपास असते. तिच्याखाली गेलात की कधी सिग्नल गेल्याचा लाल एलओएस दिवा, कधी नेट येऊन-जाऊन. मॉडेमच्या सेटिंगच्या पानावर रिसीव्ह पॉवरचा (पोहोचणाऱ्या प्रकाशाचा) आकडा दिसतो. पट्टी बंद करण्याआधी आणि नंतर तो बघा. फरक पडला असेल तर कोपरा उघडून वळण सैल करा.

जमिनीलगत जायचं असेल तर भिंतीऐवजी स्कर्टिंगच्या टाइलवर पट्टी लावा. टाइलचा पृष्ठभाग चकचकीत, त्यामुळे स्पिरिटने पुसून कोरडी केली की हीच टेप तिथे पावसाळाभर टिकते. फरशी पुसण्याचं पाणी आत जाऊ नये म्हणून पट्टीची खालची कड फरशीपासून २ सेंटिमीटर वर ठेवा आणि त्या पट्टीत वायरीचा कुठलाही जोड ठेवू नका. टोकं उघडी ठेवू नका. मुंग्या आणि झुरळं आत घर करतात. टोकाच्या टोपीला केबलपुरतीच खाच कापा.

भिंतीच्या रंगात पट्टी रंगवायची तर झाकण काढून वेगळं रंगवा. बसवलेल्या पट्टीवर ब्रश फिरवला तर रंग झाकणाच्या सांध्यात सुकतो आणि पहिल्यांदा उघडताच सोलून निघतो. ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी घालवा, प्रायमर द्या, मग इमल्शन. थेट पीव्हीसीवर इमल्शन टिकत नाही.

पैशाचं बोलायचं तर या किटच्या किमतीत हार्डवेअरच्या दुकानातून बिनटेपच्या साध्या केसिंग-कॅपिंगच्या (तळ आणि झाकण) कितीतरी जास्त पट्ट्या येतात, ते २ मीटरचे तुकडे असल्याने जोडही कमी. फक्त घेताना पट्टी हलकी वाकवून बघा. भेसळीचं प्लास्टिक कडकन तुटतं. स्क्रू मारणारच असाल तर टेपचे पैसे देण्यात अर्थ नाही.

भाड्याच्या घरात ड्रिल चालत नसेल तर पट्टी फक्त टाइलवर आणि लाकडी चौकटीवर लावा, भिंतीवर पट्टी न लावता टीव्हीच्या टेबलामागून केबल खाली उतरवा. घर सोडताना टेप काढायला हेअर ड्रायरची गरम हवा द्या आणि पट्टीमागे जाड नायलॉनचा दोरा करवतीसारखा पुढेमागे ओढत न्या. फोम कापला जातो आणि चौकटीचं पॉलिश शाबूत राहतं.