कमानीच्या आत बसलेली पाटी : फोर्टमधील एका फलककाराच्या कामाचा अभिप्राय

फोर्टमध्ये दादाभाई नौरोजी मार्गालगतच्या गल्लीत आमचे चष्म्याचे दुकान आहे. त्याची पाटी नुकतीच नव्याने करून घेतली. काम गिरगावातील एका वयस्क कारागिरांनी केले. हातात आहेत तीच कामे पुरेशी आहेत, नाव कुठे छापू नका, असे त्यांनी बजावल्यामुळे ते येथे देत नाही.

माप घ्यायला आल्यावर त्यांनी पाटीकडे नव्हे, तिच्यामागच्या दगडाकडे पाहिले. आमची अकरा फुटी ग्लोसाइन दोन कमानींचे माथे झाकून आडवी पसरली होती आणि वीस वर्षांत आम्हाला त्यात काही गैर वाटले नव्हते. मुख्य रस्त्यावरील दुकानांसाठी १९९०च्या दशकाच्या अखेरीस वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांनी मार्गदर्शक तत्त्वे आखली होती. फलक कमानीच्या आत असावा, दगडी नक्षीवर चढू नये, हे त्यांचे मुख्य सूत्र होते. २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या रस्त्याच्या कामाचा सन्माननीय उल्लेख झाला. कारागिरांनी तेच सूत्र आमच्या गल्लीत लावले. पाटी पाच फुटांवर आली, याची सुरुवातीला रुखरुख वाटली, हे कबूल करतो.

खरे कौशल्य अक्षरांत दिसले. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनुसार दुकानाचे नाव मराठीत, देवनागरी लिपीत आणि सुरुवातीला असावे लागते. त्याचा आकार अन्य भाषेतील अक्षरांपेक्षा लहान चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिल्यावर अनेकांनी घाईघाईने फ्लेक्स लावले. त्यांत वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत माप धरलेले असते; त्यामुळे कागदावर उंची समान भरते, पण मूळ अक्षर मात्र रोमन अक्षराच्या निम्म्यावर येते. आमच्या कारागिरांनी शिरोरेषेपासून 'क'च्या तळापर्यंतचे अंतर रोमन अक्षराइतके धरले आणि मात्रा-उकारांसाठी वर-खाली वेगळी जागा सोडली. पितळी अक्षरे दगडाला भोक न पाडता लाकडी चौकटीवर बसवली आहेत आणि प्रकाश मागून येतो. रस्त्यापलीकडून नाव स्वच्छ वाचता येते. काम सांगितलेल्या मुदतीपेक्षा बारा दिवस लांबले आणि वायरिंगसाठी वेगळा माणूस आम्हालाच शोधावा लागला, एवढी उणीव नोंदवतो.

राहिला प्रश्न आजोबांच्या काचेवर रंगवलेल्या इंग्रजी पाटीचा. नवी मराठी पाटी लागल्यावर तीही दर्शनी भागात राहावी, अशी माझी इच्छा होती. पण तिची अक्षरे मोठी असल्याने नियमाशी मेळ बसेना. माझ्या मते सवलत द्यावी ती अशा पाट्यांना, ज्या इमारतीइतक्याच जुन्या आहेत आणि पुन्हा तशा हाताने रंगवल्या जाणार नाहीत; तीही मराठी पाटी ठळक लागल्याची खात्री करूनच. सर्व शहरांत आमचा फलक एकसारखाच असतो, ही साखळी दुकानांची सबब मात्र मला पटत नाही, कारण कमानीचे माप प्रत्येक दुकानाला तेवढेच असते.

ती काच कारागिरांनी जादा पैसे न घेता, तडा जाऊ न देता उतरवली. सध्या ती आत, नंबर तपासण्याच्या खुर्चीसमोर टांगली आहे.